अलिसा हीली : कीपर म्हणून कितवी?

दुसरी_स्लिप
ऑस्ट्रेलियाच्या अलिसा हीलीने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केलं की भारताविरुद्धची घरची मालिका खेळून ती थांबणार. तेव्हापासून जे जे लेख वाचले त्यांत १७० आहेच. २०२२ ची ख्राइस्टचर्चची फायनल, समोर इंग्लंड, १३८ चेंडूंत १७०. वनडे वर्ल्डकपच्या फायनलमधली, पुरुष धरून, सगळ्यांत मोठी खेळी. गिलख्रिस्टच्या १४९ च्याही पुढची. त्याआधी सेमीफायनलला वेस्ट इंडिजविरुद्ध १२९, स्पर्धेत एकूण ५०९. हे सगळं मान्य.

पण कीपिंगला सगळीकडे मिळून एक ओळ. आणि आपल्याकडे तर ती ओळही ठरलेली: ‘जेमिमाला ८२ वर सोडलं ती.’ म्हणजे २०२५ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला, नवी मुंबईत, जेमिमा रॉड्रिग्जचा झेल.

सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिस्बेनला न्यूझीलंडविरुद्ध तिने टी-२० आंतरराष्ट्रीयमध्ये धोनीचे ९१ बळी मागे टाकले होते. धोनी, म्हणजे ज्याच्या हातांवर आपण श्लोक रचतो तो. तर प्रश्न असा की बॅट बाजूला ठेवली तर कीपर म्हणून हीलीला कितव्या नंबरवर बसवाल? माझ्या मते महिला क्रिकेटमध्ये पहिल्या तिघींत. बोला.

भाकरी_ठेचा
पहिल्याच प्रतिसादात धोनीचं नाव! धागा शंभरी गाठणार. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

झाडाखालचा_अंपायर
पहिल्या तिघींत नाही. आणि धोनीशी तुलना तर मुळातच लंगडी आहे.

त्या दिवशी हीलीचे ९२ झाले, त्यांत झेल ४२ आणि स्टंपिंग ५०. धोनीच्या ९१ मध्ये झेल ५७ आणि स्टंपिंग ३४. नुसती बेरीज न बघता फोड बघा. महिलांच्या टी-२० मध्ये फिरकी जास्त, मध्यमगतीलाही कीपर स्टंपला चिकटून उभी, बॅटर पुढे येऊन मारायला बघते. स्टंपिंगची संधीच जास्त येते. आपली जुनी कीपर अंजू जैन, तिचंही तेच, वनडेत झेलांपेक्षा स्टंपिंग जास्त. शिवाय ऑस्ट्रेलियाची गोलंदाजी इतकी वर्षं इतकी चांगली की कीपरच्या खात्यात बळी जमणारच. आकडा मोठा म्हणून हात मोठे असं होत नाही.

दुसरी_स्लिप
@अंपायर, म्हणजे स्टंपला चिकटून उभं राहणं सोपं?

झाडाखालचा_अंपायर
असं मी कुठे म्हटलं? संधी जास्त असते म्हटलं. वाचा पुन्हा.

यमुना_पार
कीपिंगचा धागा आणि अजून इंग्लंडच्या सारा टेलरचं नाव नाही? मग मीच घेते.

२०१७ वर्ल्डकप सेमीफायनल, ब्रिस्टल, इंग्लंड-दक्षिण आफ्रिका. नॅटली स्किव्हर गोलंदाजीला, म्हणजे मध्यमगती. टेलर स्टंपला चिकटून. चेंडू लेग साइडला बाहेर, त्रिशा चेट्टीचा पाय क्षणभर उचलला गेला आणि बेल्स उडाल्या. मी ते इतक्या वेळा बघितलंय की घरच्यांना पाठ झालंय. लेग साइडच्या चेंडूवर बॅटरच्या अंगामागे कीपरला काही दिसतच नाही. अंदाजाने हात न्यायचे, चेंडू घ्यायचा आणि त्याच झोक्यात स्टंपवर यायचं. हीलीचं असं एक तरी स्टंपिंग तुम्हाला डोळे मिटून आठवतं का?

आणि तीच टेलर २०१९ मध्ये, तिशीच्या आत-बाहेर असताना निवृत्त झाली. अँझायटीमुळे. त्याआधी २०१६ मध्येही मोठी विश्रांती घेतली होती आणि कारण उघडपणे सांगितलं होतं. तेव्हा कोण बोलत होतं या गोष्टींवर? पुढे २०२१ मध्ये ससेक्सने तिला पुरुषांच्या संघाला कीपिंग शिकवायला घेतलं. पुरुषांच्या काउंटी संघाने बाईला ग्लोव्हज शिकवायला बोलावणं, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

पहिली टेलर. दुसऱ्या नंबरासाठी भांडा.

भाकरी_ठेचा
यमुनाताई, दुसऱ्या नंबरासाठी भांडायला आम्ही तयार आहोत, फक्त जागा सांगा.

पॅड_बांधून_तयार
मी विद्यापीठाच्या संघातून कीपिंग केलंय, त्यामुळे इथे दोन पैसे टाकतेच. मोठं होईल, आधीच सांगते.

वनडेत ५० षटकं म्हणजे ३०० चेंडू, वाइड-नो बॉल वेगळे. म्हणजे किमान ३०० वेळा बसायचं आणि उठायचं. त्यातले बहुतेक चेंडू बॅटला लागून कुठेतरी जातात, पण तुम्हाला प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार म्हणून बसावं लागतं. वर प्रत्येक थ्रोला धावत स्टंपपाशी. आणि हीली हे सगळं संपवून डावांमधल्या सुट्टीत पॅड बदलून सलामीला जायची. लोक ‘कीपर-बॅटर’ असं जोडून पटकन बोलतात. करून बघा म्हणजे कळेल की मांड्या कुठे असतात.

स्टंपला चिकटून उभं राहण्यातली खरी कसोटी उठण्यात आहे. चेंडू टप्पा पडून वर येतो तसं त्याच्याबरोबर वर यायचं, आधी नाही. आधी उठलात की खाली राहिलेला चेंडू ग्लोव्हजखालून चार. महिलांचा चेंडू हलका, १४० ते १५१ ग्रॅम, पुरुषांचा १५६ ते १६३. वेग कमी, त्यामुळे चेंडू खालीच राहतो. म्हणजे जास्त वेळ खाली बसून राहायचं. @अंपायर, संधी जास्त असेल, पण त्या संधीसाठी हातांना वेळ सेकंदाच्याही तुकड्याचाच मिळतो.

टेलरचे हात जास्त मऊ, यात वाद नाही. तिच्याकडे चेंडू आला की आवाजच व्हायचा नाही. हीलीची पद्धत वेगळी. ती पायांची कीपर. चेंडूकडे हात न नेता अख्खं अंग नेते. ते दिसायला तितकं देखणं नसतं, म्हणून रीळ बनत नाहीत.

आता नवी मुंबईच्या त्या झेलाबद्दल. लेगस्पिनर अलाना किंगला जेमिमाने स्वीप मारायला घेतला आणि चेंडू सरळ आकाशात. असा उंच उडालेला चेंडू फिरत असतो. वर जाताना वाटतं लांब चाललाय, खाली येताना खेळपट्टीकडे परत सरकतो. कीपर त्याच्याखाली थांबते आणि शेवटच्या क्षणी तो तिथे नसतो. वर दिवे, कानात स्टेडियम. तरी तो झेल हीलीने घ्यायला हवाच होता, तिनेही ते टाळलं नाही. पण ‘सोपा झेल’ म्हणणाऱ्यांनी गच्चीवर जाऊन कुणाकडून तरी एक चेंडू उडवून घ्यावा.

नेरूळकर
त्या रात्री मी डी. वाय. पाटीलला होतो. चेंडू वर गेला तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंनी डोळ्यांवर पदर घेतला. मग जो आवाज झाला त्यावरून त्यांना कळलं. ३३९ चं लक्ष्य, जेमिमा नाबाद १२७, हरमनप्रीत ८९, नऊ चेंडू राखून जिंकलो. हीलीला क्रांती गौडने ५ वर उडवलं तेव्हाच मला वाटलं होतं की आज काहीतरी होणार. आता कीपर म्हणून ती कितवी ते तुम्ही ठरवा, माझ्याकडून तिला आयुष्यभर धन्यवाद.

फुलटॉस_फडके
२०१९ च्या जानेवारीत हीलीने मेलबर्नला ड्रोनमधून टाकलेला चेंडू झेलून गिनीज विक्रम केला होता. उंची ८२.५ मीटर.
जेमिमा किती वर होती? ८२.
अर्धा मीटर कमी पडला हो.

भाकरी_ठेचा
फडके, साष्टांग.

झाडाखालचा_अंपायर
विनोद चांगला आहे, पण या घराण्याच्या नशिबातच हे आहे.

अलिसाचे काका इयन हीली. ११९ कसोटी, ३९५ बळी: ३६६ झेल, २९ स्टंपिंग. निवृत्त झाले तेव्हाचा जागतिक विक्रम. वॉर्नसमोर त्यांच्याइतकी स्वच्छ कीपिंग मी तरी पाहिलेली नाही. आणि लोकांना काय आठवतं? कराची १९९४. शेवटची जोडी, पाकिस्तानला तीन धावा हव्यात, वॉर्नला इंझमाम पुढे सरसावला, चुकला, स्टंपिंगची संधी, आणि चेंडू बॅट-पॅडमधून हीलींनाही चुकवून सीमेपार. चार बाइज, सामना गेला. मग ब्रिजटाउन १९९९. लारा एकहाती सामना ओढतोय, थोड्याच धावा उरल्यात, गिलेस्पीच्या चेंडूवर कड लागली आणि हीलींनी डावीकडे झेपावून सोडली. लारा नाबाद १५३, वेस्ट इंडिज एका विकेटने जिंकले.

३९५ घेतलेले कुणाला सांगता येत नाहीत. सोडलेले दोन सगळ्यांना तोंडपाठ.

दुसरी_स्लिप
अंपायर, तुम्ही माझ्याच बाजूचा मुद्दा मांडताय हे लक्षात येतंय ना?

झाडाखालचा_अंपायर
मी काकांबद्दल बोलत होतो.

पॅरामॅटाचा_पंत
सिडनीहून. इथे तिच्याबद्दल जरा वेगळं बोलतात.

अलिसा जन्मली गोल्ड कोस्टला, पण क्रिकेट सगळं सिडनीचं. शाळेत असताना २००६ मध्ये तिला मुलांच्या पहिल्या संघात घेतलं. इथल्या खाजगी शाळांच्या स्पर्धेत मुलगी खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्यावर कुणीतरी निनावी ईमेल फिरवला की हा काय तमाशा. पेपरात गाजलं. सोळा वर्षांच्या मुलीने ते सगळं झेललं, तेही आडनावामुळे ‘काकांचा वशिला’ ऐकत.

गंमत म्हणजे नवरा मिचेल स्टार्क आणि ती नऊ-दहा वर्षांचे असताना एकाच क्लबच्या मुलांच्या संघात होते आणि दोघंही कीपर! स्टार्क नंतर उंच झाला आणि गोलंदाजीकडे वळला, नाहीतर घरात ग्लोव्हजवरून वाटण्या झाल्या असत्या.

आम्ही मराठी मंडळी घोळक्याने नॉर्थ सिडनी ओव्हलला श्रीलंकेविरुद्धचा टी-२० बघायला गेलो होतो, ऑक्टोबर २०१९. ६१ चेंडूंत नाबाद १४८. महिलांच्या टी-२० मधला तेव्हाचा सर्वोच्च स्कोअर. मुलं सीमारेषेबाहेर चेंडू शोधून दमली. कीपिंगचं काय आठवतं विचाराल तर, खरं सांगायचं, काही नाही. सतत बोलत होती एवढं आठवतं. स्टंप माइकवरही तिचीच बडबड असते.

यमुना_पार
@पंत, हेच तर मी म्हणतेय. आठवत नाही.

पॅड_बांधून_तयार
@यमुना_पार, कीपर लक्षात राहिली नाही म्हणजे तिने काम नीट केलं. अंपायरसारखंच.

झाडाखालचा_अंपायर
याला माझं अनुमोदन. दुसऱ्या वाक्याला.

सांगलीची_सून
अवांतराबद्दल माफी. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, अकादमीत जाते आणि तिला कीपिंगच करायचंय. तिचे सर म्हणतात आधी बॅटिंग पक्की कर, नुसत्या कीपरला आता कोणी घेत नाही. हे खरं आहे का? आणि ग्लोव्हज कुठले घ्यावेत? दुकानदार जाड, महागडे दाखवतो, ती म्हणते हात जड होतात.

पॅड_बांधून_तयार
@सांगलीची_सून, ग्लोव्हज तिच्या मापाचेच घ्या, ‘पुढच्या वर्षी पण होतील’ म्हणून मोठे नकोत. बोटांची टोकं ग्लोव्हजच्या टोकापर्यंत जायला हवीत. तळवा मऊ, सहज दुमडणारा. आत सुती इनर दोन जोड, घामाने भिजले की बदलायला. नवे ग्लोव्हज घरी रबरी चेंडूने खेळून नरम करू द्या. सरावाला ग्लोव्हजशिवाय, नुसते इनर घालून टेनिसचा चेंडू भिंतीवर मारून पकडायचा. हात आपोआप मऊ होतात. आणि हेल्मेट! स्टंपजवळ उभी राहणार असेल तर हेल्मेटशिवाय अजिबात नाही, सर काहीही म्हणोत.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बॅटिंग हवीच. पण कीपिंगची हौस मारून बॅटिंग नको.

भाकरी_ठेचा
मांड्यांचंही सांगा. आमच्या पोराने एक मॅच कीपिंग केली, दोन दिवस जिना उतरताना आईची आठवण काढत होता.

मुंबई_इंडियन_काकू
आपल्या कीपरांवर कोणी बोलणारच नाही का? अंजू जैन २००० च्या वर्ल्डकपला कर्णधार होती, न्यूझीलंडमध्ये सेमीफायनलपर्यंत नेलं, अर्जुन पुरस्कारही मिळाला. मग आपल्या मुंबईची सुलक्षणा नाईक. भारतासाठी तिन्ही प्रकारांत खेळली, पुढे क्रिकेट सल्लागार समितीवर राहून निवडकर्त्यांचीही निवड केली. किती मराठी घरांत तिचं नाव माहीत आहे? तिच्या काळात सामने टीव्हीवर दिसतच नव्हते, मग रीळ कुठून येणार? टेलर-हीली वाद घालायला निदान व्हिडिओ तरी आहेत.

आणि आत्ता रिचा घोष. २०२५ च्या वर्ल्डकपमध्ये आठव्या नंबरावर येऊन दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९४ मारते. तिच्या कीपिंगवर किती लेख वाचलेत?

दुसरी_स्लिप
काकू, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि तो तुम्हीच काढा.

मुंबई_इंडियन_काकू
काढते. तुम्ही प्रतिसाद द्या म्हणजे झालं.

फुलटॉस_फडके
हिशोब पूर्ण करायचा तर २०२० ची मेलबर्नची टी-२० फायनलही घ्या. ८६,१७४ लोक. पहिल्याच षटकात हीली ९ वर असताना शेफालीने तिचा झेल सोडला आणि मग तिने ३९ चेंडूंत ७५ ठोकल्या. तेव्हा आपण शेफालीला, सोळा वर्षांच्या पोरीला, काय काय बोललो आठवतंय? पण त्याच सामन्यात आपला डाव सुरू झाल्यावर तिसऱ्याच चेंडूवर शेफाली गेली. कशी? झेल हीली, गोलंदाज मेगन शूट. खरं तर सामना तिथेच संपला होता. पण हायलाइट्समध्ये काय येतं, तर ७५.

दुसरी_स्लिप
फडके, हेच, हेच मला म्हणायचं होतं.

नेरूळकर
बाई म्हणून मात्र दिलदार. डिसेंबर २०२३, वानखेडे, आपण ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. आपल्या पोरी चषक घेऊन उभ्या, आणि हरलेली कर्णधार हीली फोटोग्राफरचा कॅमेरा मागून घेऊन त्यांचे फोटो काढतेय. त्याच्या दोनच महिने आधी घरी कुत्र्यांचं भांडण सोडवताना तिच्या उजव्या हाताच्या बोटाला जबर दुखापत झाली होती. कीपरचं बोट!

भाकरी_ठेचा
वॉर्नरचे, ब्रॉडचे चेंडू नाही, घरच्या कुत्र्याने बोट जायबंदी केलं. नशीब.

झाडाखालचा_अंपायर
वॉर्नर गोलंदाज नाही.

भाकरी_ठेचा
कुत्राही नाही. दिवा घ्या काका.

मुंबई_इंडियन_काकू
आणि आपल्या महिला लीगने, डब्ल्यूपीएलने, काय केलं? २०२३ ला इथेच ब्रेबॉर्नवर बंगळूरविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद ९६, यूपीची कर्णधार. आणि नोव्हेंबर २०२५ च्या लिलावात सगळ्यांत पहिलं नाव तिचं, तर एकाही संघाने हात वर केला नाही. त्याच्या महिनाभर आधीच विशाखापट्टणमला आपल्याविरुद्ध १०७ चेंडूंत १४२ करून ३३१ चा पाठलाग केला होता. पस्तिशीची बाई, पोटरी-पावलाची दुखणी, म्हणून असेल. तरी वाईट वाटलं.

ऑफकटर
पहिल्यापासून वाचतोय, आता लिहितो. मूळ प्रश्नाचं उत्तर तिच्या शेवटच्या दोन वर्षांत आहे. पावलाच्या दुखापतीमुळे २०२५ च्या मेलबर्नच्या अॅशेस कसोटीत हीली नुसती बॅटर म्हणून खेळली, कीपिंग बेथ मूनीने केली. २०२५ च्या वर्ल्डकपमध्ये पोटरी दुखावली तेव्हाही मूनी. म्हणजे संघानेच ठरवलं की ग्लोव्हजशिवायही ती हवी आहे, आणि ग्लोव्हज दुसरी कोणीही घालू शकते. मग कीपर म्हणून तिचा नंबर काढायचा तरी कशाला? ती मोठी सलामीवीर, कीपिंग ही वरची सोय.

पॅड_बांधून_तयार
@ऑफकटर, शेवटची दोन वर्षं बघितलीत, आता पहिली आठ बघा.

फेब्रुवारी २०१० मध्ये जोडी फील्ड्स जखमी होती म्हणून हीलीला पदार्पण मिळालं. फील्ड्स कर्णधार-कीपर. ती परतली की हीली मागे. २०१३ ची ब्रेबॉर्नची वर्ल्डकप फायनल आठवा, पुण्यात जन्मलेल्या लिसा स्थळेकरचा शेवटचा सामना. तिथेही स्टंपमागे फील्ड्स. नंतर जागा पक्की झाली तरी हीली खालीच, सातव्या-आठव्या नंबरावर. धावा जेमतेम. वनडेतलं पहिलं शतक कधी? मार्च २०१८, आपल्याच वडोदऱ्यात, १३३. सलामीला पाठवायला सुरुवात त्याच्या काही महिने आधी, २०१७ च्या शेवटी.

म्हणजे पदार्पणापासून पहिल्या शतकापर्यंत आठ वर्षं. एवढा काळ जगातल्या सगळ्यांत ताकदवान संघाने तिला कशासाठी ठेवलं? वशिल्याने? बॅटिंगसाठी तर नक्कीच नाही. हातांसाठी. कीपिंगने तिला आठ वर्षं संघात टिकवलं म्हणून ती १७० पर्यंत पोचली. ‘वरची सोय’ बॅटिंग होती, नंतर आलेली.

दुसरी_स्लिप
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवता येईल का?

ऑफकटर
पॅडताई, मुद्दा दमदार आहे. पण त्या आठ वर्षांत ऑस्ट्रेलियाकडे दुसरी चांगली कीपर नव्हती हेही कारण असू शकतं.

पॅड_बांधून_तयार
मूनी होती की. तुमच्याच शब्दांत, ‘दुसरी कोणीही’. २०१६ पासून संघातही होती. तरी ग्लोव्हज हीलीकडेच राहिले.

पॅरामॅटाचा_पंत
त्यात भर. २०१८ च्या टी-२० वर्ल्डकपला गयानात आपल्याविरुद्धच झेलाच्या मागे धावताना हीली आणि मेगन शूट एकमेकींवर आदळल्या. डोक्याला मार, बॅटिंगला येता आलं नाही. पुढच्या सामन्यांना पुन्हा स्टंपमागे हजर, आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. तीच वर बघत धावणारी कीपर, तसाच उंच झेल.

यमुना_पार
बरं बाई. टेलर पहिली, हे मी मरेपर्यंत म्हणणार. दुसरी जागा हीलीला द्यायला माझी आता हरकत नाही.

झाडाखालचा_अंपायर
पहिल्या पाचांत घेतो. तिघींत नाही.

भाकरी_ठेचा
अंपायरने निर्णय बदलला! तिसऱ्या पंचाकडे न जाता!

झाडाखालचा_अंपायर
मी पाचांत नाही असं कधीच म्हटलं नव्हतं. वाचा पुन्हा.

सांगलीची_सून
@पॅड_बांधून_तयार, ग्लोव्हज घेतले, मापाचेच. हेल्मेटवरून सरांशी बोलणं झालं, ते हो म्हणाले. तिला तुमचा आठ वर्षांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने विचारलंय की हीलीची शेवटची कसोटी कुठे आणि किती वाजता दिसेल.

पॅरामॅटाचा_पंत
पर्थला, मार्चमध्ये, दिवस-रात्र सामना आहे. पर्थ आपल्याकडच्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे सिडनीच्या सामन्यांसारखं पहाटे उठायची गरज नाही. शाळा बुडेल मात्र.